गॅस जातो कुठे?

सकाळी ९.१५
पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची शटरं वर जातायत. मागच्या गल्लीत गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. दारात पांढरी कॉन्टेसा क्लासिक उभी. १९९४ची. बॉडी हिंदुस्तान मोटर्सची, इंजिन इसुझूचं, १.८ लिटर पेट्रोल. हे मॉडेल निघायचं थांबलं २००२मध्ये. मालक सत्तरीचे, बँकेतून निवृत्त. "दोन उन्हाळे गॅस भरतोय. महिन्याभरात पुन्हा गरम हवा."
"काका, आधी गॅस जातो कुठे ते बघू. भरायचं संध्याकाळी," मिस्त्री म्हणतो.

९.४०
गेज लावतो. दोन्ही काटे शून्यावर. सिस्टीम रिकामी आहे. मूळची ती आर-१२ गॅसची. ओझोनला घातक म्हणून तो गॅस आपल्याकडे २०१०पासून बंद आहे. मधे कुणीतरी ॲडॅप्टर लावून आर-१३४ए भरला. तेल आणि ड्रायर मात्र जुनेच ठेवले. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते नळ्यांत साठून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.
नायट्रोजनच्या बाटल्याची चावी फिरते. १५० पीएसआयला बंद. दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. कुठेही फुगा नाही. चाळीस मिनिटांनी काटा १३०वर.

१०.३०
मिस्त्री गोणपाट टाकून गाडीखाली सरकतो. कूलिंग कॉइलचं पाणी ज्या रबरी नळीतून रस्त्यावर पडतं, तिच्या तोंडाशी बोट फिरवतो. बोट तेलकट. गॅसबरोबर तेलही बाहेर पडतं, आणि इथे तेल यायला दुसरी वाट नाही. गळती कॉइलमध्ये. म्हणजे डॅशबोर्ड खोलायचा.

१०.४५
हाताखालचा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. रोज ६०० रुपये, जेवण गॅरेजचं. स्क्रू निघतील त्या क्रमाने तो डब्यांच्या झाकणांत मांडतो. तीस वर्षांचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालंय. क्लिप तुटली तर नवी मिळत नाही. प्रत्येक क्लिपखाली चपटी पट्टी सरकवून ती हळूच उचलायची.
एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या नटाला दोन पाने लागतात. एक धरायला, एक फिरवायला. पोरगा एकच पाना लावतो. "दुसरा कुठाय? नळी पिळवटेल," मिस्त्री ओरडतो. पोरगा दुसरा पाना आणतो.

दुपारी १२.२०
कॉइल बाहेर. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, त्यांत धूळ आणि पिंपळाची पानं. धुतल्यावर तोंडं बंद करून नायट्रोजन सोडतात आणि कॉइल पाण्याच्या पिंपात बुडवतात. तिघेही पिंपावर वाकतात. पाणी स्थिरावतं. खालच्या वळणावरून एक बुडबुडा वर येतो. मग दुसरा. भोक डोळ्यांना दिसतही नाही.

१२.५०
ब्रेझिंग. आधी नायट्रोजनने आतला उरलासुरला गॅस हुसकायचा, कारण ज्योतीत तो जळला की विषारी धूर होतो. काम चालू असतानाही नायट्रोजन बारीक सोडून ठेवलेला, नाहीतर नळीच्या आत काळी खपली धरते. ज्योत नळीवर. तांबं लाल होतं, रॉडचं टोक टेकतं, धातू वळणात ओढला जातो. काम चार मिनिटांचं. कॉइल पुन्हा पिंपात. या वेळी पाणी शांत.

२.००
डबा. मिस्त्रीचा पोळी आणि गवारीची भाजी. पोरगा वडापाव खाऊन नाना पेठेतून सामान आणतो. ड्रायर ८५० रुपये. हिरव्या ओ-रिंगा १२०. एस्टर तेल ४००. नव्या गॅसलाही चालतं आणि जुन्या तेलाच्या अंशालाही सांभाळून घेतं, म्हणून हेच.

२.४५
कॉम्प्रेसर उतरवून उपडा धरतात. निघालेलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं. कंडेन्सर आणि नळ्या द्रावणाने धुऊन नायट्रोजनने कोरड्या करतात. नवं तेल मापाने. ड्रायरची बुचं अगदी शेवटी काढायची. त्यातले दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि मग निकामी होतात.

४.५०
पुन्हा १५० पीएसआय. पोरगा डॅशबोर्डकडे हात नेतो. "थांब. काटा बघू दे आधी." अर्ध्या तासाने काटा जागच्या जागी. मग डॅशबोर्ड चढतो.

५.४०
व्हॅक्यूम पंप. काटा २८च्या आसपास थांबतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे तो एवढाच जातो. मुंबईत २९च्या पुढे गेला असता. पंप पाऊण तास चालतो. हवा निघते, शिवाय आत राहिलेलं पाणीही या निर्वातात उकळून जातं. राहिलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि गार हवा मधेच थांबते.

६.३०
आता गॅस. कॅन वजनकाट्यावर उभा, म्हणजे द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाणार नाही. इंजिन चालू, वरच्या दाबाची चावी बंद. वहीत कॉन्टेसाचं आर-१२चं वजन लिहिलंय. आर-१३४ए त्याच्या ८५ टक्क्यांच्या जवळपास भरायचा. पूर्वी ड्रायरच्या काचेतले बुडबुडे संपेपर्यंत भरत. या गॅसला ती खूण चालत नाही, जास्त भरला जातो. म्हणून वजन.

७.००
खालचा दाब ३८, वरचा २४०. जाळीत खोचलेला थर्मामीटर ३०वरून उतरत ९ अंशांवर येतो. काका मागच्या सीटवर बसून काचा वर करतात.

७.३०
बिल. सामान १३७०. गॅस ११००. रॉड आणि नायट्रोजन ५००. मजुरी ४५००. एकूण ७४७०.
"मजुरी जरा जास्त नाही का? गॅस तर अकराशेचाच," काका विचारतात.
"काका, गॅस अर्ध्या तासात भरला. बाकीचा दिवस भोक शोधण्यात आणि बुजवण्यात गेला."
काका कागद पुन्हा वाचतात आणि पूर्ण पैसे मोजतात. या दिवसाची किंमत त्या मजुरीच्या ओळीतच आहे, आणि ती वाजवी आहे. मिस्त्री पोरग्याला सहाशे देतो, वर उशिराचे शंभर.
मग काकांना बजावतो, "थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. सीलला तेल लागत राहिलं पाहिजे. सुकलं की तिथून गळती." गाडी दर उन्हाळ्यात गॅसला आली असती, तर दर उन्हाळ्याला त्याची कमाई होती. तरी तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.