बघ्यांनाही धैर्य शिकवा

शाळेत एखाद्या मुलाचा छळ होत असल्याचे कळले की वडीलधारे त्याला दोनच सल्ले देतात : ‘तूही दोन हात कर’, नाही तर ‘दुर्लक्ष कर’. दोन्ही सल्ल्यांत एकच वैगुण्य आहे. जो आधीच एकटा पडला आहे, त्याच्याच शिरावर ते सारा भार टाकतात. डबा हिसकावणारा, व्यंगावरून नाव पाडणारा दांडगा मुलगा मुळात प्रेक्षकांच्या बळावर दांडगा असतो. हशा थांबला की त्याचे निम्मे बळ सरते.

फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना सालमिव्हाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. छळ चालू असता वर्गातील काही मुले त्यात सामील होतात, काही हसून उत्तेजन देतात, काही दूर राहतात आणि काही पीडिताच्या पाठीशी उभी राहतात. या शेवटच्या गटाची संख्या वाढविणे हेच पुढे तेथील शालेय उपक्रमाचे सूत्र ठरले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ मध्ये गुलाबी सदरा घातल्याबद्दल एका मुलाची हेटाळणी झाली, तेव्हा वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी पन्नास गुलाबी सदरे आणून शाळेत वाटले. त्यांनी कोणावर हात उगारला नाही. केवळ त्या मुलाचे एकाकीपण संपविले.

परंतु असे धैर्य निव्वळ उपदेशाने येत नाही. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असावा, असे दिसताच १९८३ मध्ये शासनाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. तिच्या अनुषंगाने दान ओल्व्हेउस यांनी बर्गेनमधील ४२ शाळांचा अभ्यास केला, तेव्हा छळाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. वर्गाचे स्पष्ट नियम, नियमित चर्चा, मधल्या सुट्टीतील देखरेख आणि पालकांशी संवाद, एवढीच त्या उपक्रमाची साधी सामग्री होती.

आपल्याकडे मात्र मुलाने तोंड उघडले की ‘चहाड्या करू नकोस’ असे बजावून त्याला गप्प केले जाते. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून केलेली चहाडी आणि दुसऱ्याला त्रासातून सोडविण्यासाठी केलेली तक्रार यांतील भेद मुलांना समजावून सांगणे, हे शिक्षकांचे पहिले कर्तव्य होय. दुसरे कर्तव्य स्वतःच्या वाणीस आवर घालण्याचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. पण गुरुजीच एखाद्याला ‘ढ’ म्हणून हाक मारू लागले, तर सारा वर्ग तोच कित्ता गिरवणार.

मुलांनी अन्यायाविरुद्ध उभे राहावे, अशी अपेक्षा जरूर धरावी. तथापि, त्यांनी सांगितलेले शांतपणे ऐकून त्याच दिवशी त्याची दखल घेणारे एक तरी मोठे माणूस प्रत्येक शाळेत असले पाहिजे. तेवढी हमी मिळाल्यावाचून मुलांकडे धैर्याची मागणी करण्याचा अधिकार मोठ्यांना पोहोचत नाही.