रुसवा, हळवेपणा आणि दुखावलेल्या भावना

लवकर दुखावल्या जाणाऱ्या माणसासाठी मराठीत एकच एक शब्द नाही. हळवा, रुसका, चिडका, तापट, तिरसट, मानी अशी जी विशेषणे नित्याच्या बोलण्यात आहेत, त्यांतील प्रत्येकातून घाव कुठे बसतो आणि त्यानंतर माणूस कसा वागतो याची वेगळी तऱ्हा सूचित होते; म्हणूनच या साऱ्यांना ‘संवेदनशील’ या एका शब्दाखाली गोळा करण्याची जी सवय अलीकडे लागली आहे, ती भाषेला दरिद्री करणारी आहे.

‘हळवा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘लघु’ या शब्दात आहे. प्राकृतात त्यातील वर्णांची अदलाबदल झाली (व्याकरणात हिला वर्णविपर्यय म्हणतात) आणि त्यातून मराठीतील हळू, हलका, हळवा ही शब्दांची मालिका तयार झाली. कोकणातील शेतकरी भाताच्या वाणांचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन गट करतात; त्यांतील हळवे लवकर तयार होते, तर ‘गुरु’ या शब्दाशी नाते सांगणारे गरवे सर्वांत उशिरा. माणसाच्या मनाला लावलेले ‘हळवे’ हे विशेषण याच अर्थाच्या जवळचे आहे, कारण ज्या प्रसंगाचा इतरांच्या मनावर परिणाम व्हायला वेळ लागतो, तो हळव्या मनाला तत्काळ भिडतो. हळवा माणूस दुखावला तर बहुधा आतल्या आत झुरतो, दुसऱ्यावर तुटून पडत नाही, आणि त्यामुळे या शब्दात दोषारोपापेक्षा सहानुभूतीच अधिक आहे.

तापट आणि शीघ्रकोपी यांची गोष्ट निराळी, कारण तेथे दुखावणे क्षणभरही आत न थांबता रागाच्या रूपाने बाहेर पडते. अशा माणसाला मराठीत जमदग्नी किंवा दुर्वास म्हणतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकात दुष्यंताच्या चिंतनात बुडालेल्या शकुंतलेला दाराशी आलेल्या दुर्वास ऋषीची हाक ऐकू येत नाही, आणि तेवढ्या कारणावरून तिला मिळालेला शाप पुढचे सारे नाटक घडवतो. मुलांच्या खेळात हरल्यावर चिडणाऱ्याला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात आणि ही उपमा फार नेमकी आहे, कारण बिब्ब्याच्या फळातील तेल अंगाला लागले की कातडी उतते, म्हणजे तेथे फोड येऊन ती जळते.

या साऱ्या शब्दांत सर्वांत समृद्ध शब्द ‘रुसवा’ हा आहे. रुसवा आणि रोष हे दोन्ही ‘रुष्’ या एकाच धातूपासून आले असले, तरी रोष कोणावरही करता येतो आणि रुसवा मात्र आपल्या माणसावरच धरता येतो. शिवाय रुसणाऱ्याला कोणीतरी आपली मनधरणी करील, समजूत घालील अशी अपेक्षा असते, आणि ‘रुसवा काढणे’ या वाक्प्रयोगात तो संपवण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर टाकलेली असते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहाच्या शृंगाराचे, जे प्रकार सांगितले, त्यांत ‘मान’, म्हणजे रुसवा, हा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याचे प्रेमातून आलेला प्रणयमान व मत्सरातून आलेला ईर्ष्यामान असे दोन भेद आहेत. महाराष्ट्रातील दोन मोठ्या तीर्थक्षेत्रांच्या कथाही रुसव्याच्याच आहेत. रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत कृष्ण पंढरपुरी आला, असे एक कथा सांगते; दुसरीत भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने त्याला क्षमा केली, परंतु त्या छातीवर वास करणाऱ्या लक्ष्मीला हा अपमान सहन झाला नाही आणि ती कोल्हापुरास निघून आली. ज्या समाजाने देवीचा रुसवा तीर्थक्षेत्राच्या उगमाशी ठेवला, त्याने रुसण्याला दुर्गुण मानले नव्हते, हे उघड आहे.

मात्र संसारात रुसण्याचा हा अधिकार सर्वांना सारखा मिळाला नाही. लग्नाच्या मांडवात वरमाय रुसली किंवा दिवाळसणाला जावई रुसला, तर मुलीच्या बापाने कर्ज काढूनही तो रुसवा काढावा अशी रीत होती, आणि त्याच घरातील सून रुसली तर तिला ‘नाटकी’ ठरवले जाई. हाच पक्षपात विशेषणांतही उतरला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’ नाटकात गरिबीमुळे भामिनीने नाकारलेला धैर्यधर दुखावतो तेव्हा प्रेक्षक त्याला मानी समजतात. सामान्य घरात तशीच दुखावलेली मुलगी मात्र रडूबाई किंवा रुसूबाई ठरते आणि तिच्या रागाला ‘फणकारा’ म्हटले जाते. पुरुषाचा तापटपणा ‘करारी स्वभाव’ म्हणून खपून जातो आणि रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा रडू नकोस’ असे बजावले जाते. म्हणजे ही विशेषणे जितकी स्वभावाचे वर्णन करतात, तितकीच ती लावणाऱ्याचे आणि लावून घेणाऱ्याचे घरातील स्थानही सांगतात, आणि म्हणून ती जपून वापरली पाहिजेत.

‘भावना दुखावल्या’ हा आजच्या सार्वजनिक जीवनातील शब्दप्रयोग या कुटुंबातला नाही. तेथे दुखावली जाणारी व्यक्ती नसून समूह असतो, ज्याच्यावर राग आहे तो आपला माणूस नसतो, आणि मनधरणीची जागा कायद्याने घेतलेली असते. भारतीय दंडसंहितेत 1927 साली समाविष्ट झालेल्या कलम 295अ नुसार धार्मिक भावनांचा अवमान जाणीवपूर्वक व द्वेषबुद्धीने केलेला असेल, तरच तो गुन्हा ठरत होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्येही ही अट कायम आहे. केवळ कोणाचे तरी मन दुखावले, एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही.

शब्दांचा परिणाम कोणत्या मनावर तपासायचा, या प्रश्नाचे उत्तर नागपूरमधून मिळाले आहे. तेथील तत्कालीन उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1940 च्या दशकात असा निकष घालून दिला की ही कसोटी विचारी, खंबीर आणि धीट माणसाच्या मनाची असावी, दुर्बळ व डळमळीत मनाची किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याची नसावी. फाळणीवरील भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेवर बंदी मागणारी याचिका 1988 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने हाच नागपूरचा निकष मान्य केला आणि याचिका फेटाळली.