आधी नर, मग मादी: आपल्या खाडीतला चोणक



परीक्षा जवळ आली की आपली पोरं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसतात. प्रजनन, शरीराचं नियंत्रण, उत्क्रांती, परिसंस्था. "हे पाठ करून होडीवर काय उपयोग?" असं आपण मोठ्यांनीही कधीतरी म्हटलेलं असतं. उपयोग आहे. हे चारही धडे आपल्या एकाच माशात सापडतात. तो म्हणजे चोणक. रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात.

आधी प्रजनन घेऊ. मोठा चोणक कापला की गाबोळी निघते, लहान चोणकात ती कधी दिसत नाही, हे मासळी कापणाऱ्या आपल्या बायकांना ठाऊक आहे. कारण असं, की बहुतेक चोणक आधी नर असतात. काही वर्षं नर म्हणून जगल्यावर, अंगाने मोठे झाल्यावर, त्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि तोच मासा मादी होतो. म्हणजे आज जाळ्यात आलेला हातभर चोणक हा उद्याच्या गाबोळीचा मालक आहे. तो आजच टोपलीत गेला, तर ती गाबोळी कधी तयारच होणार नाही.

असं का घडलं? हा उत्क्रांतीचा धडा. नराचं काम लहान अंगानेही भागतं. अंड्यांचं तसं नाही. पोट जेवढं मोठं, तेवढी गाबोळी जास्त. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी देते. त्यामुळे जे चोणक लहानपणी नर आणि मोठेपणी मादी झाले, त्यांची पिल्लं जास्त झाली, आणि हाच गुण पिढ्यानपिढ्या टिकला. माशाने काही ठरवलं नव्हतं. ज्याची पिल्लं जगली, त्याचा गुण पुढे गेला, एवढंच.

आता शरीराचं नियंत्रण. चोणक समुद्रातही राहतो आणि नदीत वर गोड्या पाण्यातही जातो. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं. पाणी आपोआप अंगात शिरतं, म्हणून तो भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी मीठ आत ओढून घेतो. मोठ्या माशाला हे जमतं, पण अंड्यांना खारं पाणीच लागतं. म्हणून पावसाळ्याच्या सुमारास मोठे चोणक नदीच्या मुखाकडे उतरतात. नेमके तेव्हाच ते आपल्या जाळ्यात सापडतात.

राहिली परिसंस्था. अंड्यातून निघालेली बारकी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात. मांडवी-झुवारीच्या काठची खारफुटी आणि आपली खाजनं हे त्यांचं पाळणाघर. खारफुटीचा पाला पडतो, कुजतो, त्यावर कोलंबी आणि बारकी मासळी पोसते, आणि तिच्यावर चोणकाचं पिल्लू. खारफुटी तोडली, खाजनात भराव घातला, की पाळणाघरच गेलं. मग समुद्रात कितीही जाळी टाका.

या सगळ्यात धोक्याची गोष्ट एक आहे. चोणकात लहान म्हणजे बहुतेक नर, मोठे म्हणजे माद्या. आपण फक्त मोठे उचलले तर गाबोळी संपते. लहान उचलले तर माद्या तयार होत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात हाच मासा मिळतो. तिथे 58 सेंटीमीटरपेक्षा लहान चोणक ठेवता येत नाही, आणि 120 सेंटीमीटरपेक्षा मोठाही नाही. मधलाच घ्यायचा. लहानाला वाढू द्यायचं, मोठ्या आईला अंडी घालू द्यायची.

आणि जाळं सुद्धा उत्क्रांती घडवतं बरं. कॅनडात न्यूफाउंडलँडच्या समुद्रात कॉड मासा बेसुमार मारला गेला. मोठे होईपर्यंत थांबणारे मासे त्याआधीच पकडले जात, लवकर अंडी घालणारेच मागे उरत. कॉड लहान वयात, लहान अंगाने अंडी घालू लागला. शेवटी 1992 साली तिथली मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा धंदा बसला.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक बोटींना असते. खाडीतला चोणक मात्र मानशीवर आणि छोट्या होडीच्या जाळ्यात येतो. तिथे बंदीपेक्षा आपला हातच जास्त कामाचा. म्हणून आमची विनंती आहे:

मानशीच्या जाळ्यात चोणकाचं जिवंत पिल्लू आलं तर ते पाण्यात सोडा. त्याला बाजारात भाव तरी किती मिळतो?

पावसाळ्यात गाबोळी भरलेली मोठी मादी जिवंत मिळाली, तर निदान एखादी सोडा. सोपं नाही, आम्हाला ठाऊक आहे. एका मोठ्या चोणकात घरचा आठवड्याचा बाजार निघतो. पण तिच्या पोटात पुढच्या कित्येक वर्षांचा बाजार आहे.

आणि आज रात्री पोरांना विचारा, पुस्तकात हा धडा कितव्या पानावर आहे. त्यांनी पुस्तकातलं सांगावं, तुम्ही खाडीतलं सांगा.