'जंग' : किताब, आडनाव आणि एका संस्थेची ओळख

श्रीगोंद्याच्या बाजारपेठेत दुकानावरची पाटी माणसाच्या नावाआधी आडनाव सांगते. भंडारी, कोठारी, गांधी, संघवी. ही आडनावे मुळात व्यवसाय, अधिकार अथवा मान यांतून आली. भांडार सांभाळणारा तो भंडारी, कोठार सांभाळणारा तो कोठारी, यात्रासंघ नेणारा तो संघवी. पुढे भांडारे गेली, कोठारे गेली, नावे तेवढी राहिली.

असेच एक आडनाव ज्या घरात कर्णबधिर मूल आहे तेथे नेहमी उच्चारले जाते. मुंबईच्या वांद्रे रेक्लमेशन परिसरातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे नाव उच्चारताना 'जंग' या शब्दाशी पुष्कळजण अडखळतात. श्रवणदोषाशी याचा काय संबंध, हा प्रश्न साहजिक आहे.

'जंग' हा फारसी शब्द, अर्थ युद्ध. मराठीला तो परका नाही. यात्रेतल्या 'जंगी कुस्त्या' श्रीगोंद्यात कोणाला समजावून द्याव्या लागत नाहीत. याच गावच्या शेख महंमदांनी आपल्या ग्रंथाला 'योगसंग्राम' हे नाव दिले, तोही अर्थाने जंगच. आडनाव म्हणून मात्र 'जंग' हैदराबादच्या दरबारातून आला. निजाम आपल्या सरदारांना व अधिकाऱ्यांना चढत्या क्रमाने जंग, दौला, मुल्क असे किताब देत असे. सालारजंग संग्रहालयामुळे त्यांतला एक किताब सर्वांच्या परिचयाचा झाला. जिल्ह्याच्या पूर्वेचे आष्टी निजामाच्याच राज्यात होते. तेथील जुन्या व्यापारी घराण्यांना हे किताब नवे नसावेत. 'यावर' म्हणजे साहाय्यक. तेव्हा 'यावर जंग' याचा अर्थ युद्धातील साहाय्यक.

प्रत्यक्षात अली यावर जंग यांनी लढाई केली नाही. उस्मानिया व अलीगढ विद्यापीठांचे ते कुलगुरू होते, अनेक देशांत भारताचे राजदूत होते. १९७० मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि डिसेंबर १९७६ मध्ये त्याच पदावर असताना निवर्तले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेला त्यांचे नाव मिळाले. अशा रीतीने दरबारी किताबाचे आडनाव झाले आणि आडनावाची संस्था झाली.

अमेरिकेत हेच 'गॅलॉडेट' या आडनावाचे झाले. टॉमस गॅलॉडेट यांनी १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा सुरू केली. वॉशिंग्टनच्या महाविद्यालयाला १८९४ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. कर्णबधिर मंडळी मात्र हे आडनाव उच्चारत नाहीत. डोळ्याच्या कडेशी चष्म्याची दांडी दाखवावी तशी बोटांची खूण करतात, कारण गॅलॉडेट चष्मा लावीत. जगभर कर्णबधिरांत माणसाला असे खुणेचे नाव मिळते, आणि ते बहुधा त्याच्या रूपावरून वा सवयीवरून पडते, घराण्यावरून क्वचितच.

येथेच व्यापारी घराने थांबून विचार करावा. ज्या आडनावावर पेढीची पत उभी असते, ते ओठ वाचणाऱ्या मुलाला कितपत कळते? प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटूनच उमटतात. त्यामुळे 'बोरा', 'पोरा' आणि 'मोरा' हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. 'कोठारी'तला क आणि 'गांधी'तला ग हे तर घशाजवळ उमटतात. ते दिसतच नाहीत. मूल समोर बसून टक लावून पाहत असते आणि घरच्यांना वाटते, त्याला आपले नाव समजले. म्हणून आडनाव लिहून दाखवणे, पाटीवर बोट ठेवून दाखवणे, बोटांच्या वर्णमालेत शिकवणे ही कामे घरानेच करायची असतात. त्यासाठी शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

वेळेचा हिशेब येथे फार कडक आहे. बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतर थोड्याच दिवसांत होऊ शकते. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे काकाही चार वर्षांचे होईतो बोलत नव्हते' अशा समजुतींत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते आणि त्याचे काम याच 'जंग' संस्थेमार्फत चालते. पण वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे. सोयरीक जुळताना अडचण येईल या भीतीने घराण्याचे नाव जपत मुलाची तपासणी लांबवणारी घरे आजही आहेत. अर्जावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. त्यांच्याच शेजारी जन्मतारखेचाही एक रकाना असतो.