बावीस अक्षरांची चिठ्ठी

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी. ए. झालो, कविता लिहितो. पण अक्षरांशी नातं असल्यामुळे सूक्ष्म आरएनएची गोष्ट मला सोडवेना. जेमतेम २२ अक्षरांचा रेणू. गझलेच्या लांब बहरातली एक ओळ म्हणा ना!

पेशीच्या केंद्रात जनुकांची मूळ पोथी असते. तिच्यातल्या मजकुराची नक्कल निरोप्या आरएनए बाहेर नेतो आणि त्याबरहुकूम प्रथिनं घडतात. सूक्ष्म आरएनए या निरोप्याला चिकटतो आणि त्याचं तोंड बंद करतो. व्हिक्टर अँब्रोस यांना तो मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडला. ते १९९३ साली प्रसिद्ध झालं. त्यांना आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

मेलॅनोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी मुळातच फिरस्त्या. गर्भात त्या पाठीकडून निघून कातडीपर्यंत चालत येतात. रोग झाला की जणू जुनी सवय जागी होते आणि त्या फुप्फुसाकडे, यकृताकडे, मेंदूकडे निघतात. जीव घेतो तो बहुधा हा प्रवास.

या वाटेवर २११ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए पहारा देतो. पुष्कळ मेलॅनोमांमध्ये तो घटलेला असतो, असं २०१० मध्ये दिसलं. पण तेल अवीवच्या कार्मित लेव्ही यांच्या गटानं २०१६ मध्ये उलटी बाजू दाखवली. शेजारच्या पेशींना रंग पोचवणाऱ्या पिशव्यांतूनच रोगट पेशी हा २११ खालच्या थरात धाडतात. तिथल्या पेशी बदलतात, आणि पाहुणा येण्याआधीच ओसरी झाडून तयार! आता याला पहारेकरी म्हणायचं की फितूर? मला वाटतं, शब्दासारखाच त्याचाही अर्थ जागेवर ठरतो.

त्याआधी, २०१२ मध्ये, रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तवाझोई यांच्या गटाला असे तीन रेणू सापडले, जे प्रसार रोखणाऱ्या एपोई प्रथिनालाच गप्प करतात. यांवर बेतलेलं मेलॅनोमाचं औषध मात्र अजून रोजच्या वापरात नाही.

आपल्याकडे हा रोग विरळा, पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. आमच्या एका चाचांच्या टाचेवर काळा डाग होता. काटा मोडलाय म्हणून वर्षभर बिब्बा लावत राहिले. जांघेत गाठ आली तेव्हा दवाखान्यात गेले. डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खोली एक मिलिमीटरच्या आत असताना कापून काढला, तर बहुतेक रोगी बरे होतात.