लहान मुलाची रात्रीची खाज

मी वैद्य नव्हें, निवृत्त शाळामास्तर आहें. तरीहि ही हकीकत सांगण्याचा मला अधिकार आहे. कारण तींतील एक अपराधी मीच.

माझ्या दीड वर्षाच्या नातवाच्या अंगावर बारीक पुरळ उठलें व तें दोन महिने हटेना. कोणी तें उष्णतेचें म्हणे, कोणी दांत येण्याचें. औषधांच्या दुकानांतून आणलेल्या एका मलमानें चार दिवस लाली ओसरली आणि मग दुप्पट जोरानें परतली. अशा मलमांत पुष्कळदां स्टेरॉईड असतें. तें दाह दडवितें, मूळ रोग तसाच राहतो आणि निदान अधिक कठीण होतें.

अखेर डॉक्टरांनीं मुलाचे तळहात, तळपाय व काखा पाहिल्या आणि विचारलें, "खाज रात्रीं वाढते का? घरांत आणखी कोणाला खाजतें?" सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. माझ्या बोटांच्या बेचक्यांत महिनाभर खाजत होतें. वयामुळें कातडी कोरडी पडली असेल, असें समजून मीं तें कोणास सांगितलें नव्हतें. आणि रोज रात्रीं नातू माझ्याच कुशींत झोपे.

ती खरूज होती. तिचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान. मादी कातडीच्या वरच्या थरांत बीळ करून अंडीं घालते. इटलीच्या बोनोमो यांनीं १६८७ सालींच त्याचें वर्णन केलें होतें. रोज स्नान करणाऱ्या घरांतहि खरूज होते. निकट स्पर्श तिला पुरतो. पहिल्या लागणीनंतर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि तोंवर निरोगी दिसणारा मनुष्यहि ती पसरवितो. इसबाची गोष्ट निराळी. तें या वयांत बहुधा गालांवर, कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत येतें, कातडी रखरखीत करतें, पण एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं.

एकट्या मुलावर उपचार करून खरूज जात नाहीं. आम्हां पांचहि जणांना एकाच रात्रीं पांच टक्के परमेथ्रिनचें मलम लावावयास सांगितलें: मोठ्यांनीं मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालींहि, बाळाच्या मात्र डोक्याला व कानांमागेंहि, डोळे व तोंड सोडून. आठ ते चौदा तासांनीं तें धुवावयाचें व आठवड्यानें पुन्हां लावावयाचें. बाळानें बोटें चोखूं नयेत म्हणून हातांत मोजे घातले. कपडे व अंथरुणें कढत पाण्यांत धुतलीं. दुलई आठवडाभर पिशवींत बांधून ठेविली, कारण माणसाच्या अंगावांचून हा किडा बहुधा दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाहीं. घरांत दोन महिन्यांहून लहान मूल किंवा गरोदर स्त्री असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें.

किडे मेल्यावरहि दोन ते चार आठवडे खाज राहते. घाबरून रोज मलम चोपडूं नये. फोडांत पू झाला किंवा ताप आला, तर मात्र तात्काळ डॉक्टर गांठावा. आमचा नातू तिसऱ्या आठवड्यांत रात्रभर झोपला. मला आणखी कांहीं दिवस लागले.