सातबारा दाखवणारा पडदा

कोपरगावातल्या सेवा केंद्रात सातबारा काढताना पडदा एकट्या ऑपरेटरचा नसतो. पक्षकार शेजारी उभा राहून, मान वाकडी करून गट नंबर, क्षेत्र आणि वारसांची नावं तपासत असतो. मॉनिटर घेताना मात्र दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती इंची?"

नुसत्या इंचांवरून काही कळत नाही. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. पडदा मोठा घेतला म्हणून ते वाढत नाहीत, फक्त विरळ होतात. साडेएकवीस इंचीत दर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल बसतात, चोवीस इंचीत ९२, सत्तावीस इंचीत ८२. इंग्रजी अक्षरांचं एवढ्यावर बरं भागतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, असा दुमजली कारभार. बारीक अक्षरांत 'वर्षे'मधला रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. क्षेत्राच्या आकड्यातला दशांश टिंबही असाच हरवतो. म्हणून ऑफिसात फुल एचडीच घ्यायचा असेल तर चोवीसवर थांबावं.

शेजारी उभ्या माणसाला काय दिसतं, हे पॅनलवर ठरतं. स्वस्त टीएन पॅनलमध्ये वीजदाब मिळाला की द्रवस्फटिकाचे रेणू काचेच्या दिशेने उभे होतात. त्यामुळे बघण्याचा कोन बदलला की उजेड आणि रंगही बदलतात. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून बाजूने बघितलं तरी फारसा फरक पडत नाही. १९९६च्या सुमारास हिताचीने हे तंत्र बाजारात आणलं, तेव्हा ते महाग होतं. आज ते साध्या मॉनिटरमध्येही मिळतं. खोक्यावर 'आयपीएस' लिहिलंय का, एवढं बघायचं. '१ मिलिसेकंद' हा पिक्सेल किती लवकर बदलतो त्याचा आकडा, गेम खेळणाऱ्यांसाठी. टॅलीतल्या नोंदीला त्याचा उपयोग नाही.

जुन्या सीपीयूला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. ती १९८७ची, अॅनालॉग. तिच्यातून अक्षरांच्या कडा पुसट होऊ शकतात. एचडीएमआयची सोय असेल तर तीच वापरावी, नाहीतर चांगल्या पडद्याचे पैसे केबलीत बुडतात.

राहिला स्टँड. स्वस्त मॉनिटरचा स्टँड सहसा फक्त पुढे-मागे कलतो, उंच होत नाही. मागे 'वेसा' या प्रमाण मापाची चार भोकं असली तर नंतर आर्म बसवता येतो. तोवर ए-फोर कागदाची दोन रिमं खाली ठेवायची. बहुतेक कार्यालयांत ती आधीपासून तिथेच असतात.